ब्याऐंशीव्या वर्षीचे आमदार

आमच्या गावातल्या फायर ब्रिगेडच्या गॅरेजवर पितळेची एक पाटी आहे. साठ सेंटिमीटर लांब, चाळीस रुंद. तिच्यावर नऊ ओळी आहेत आणि त्यातली सातवी चुकीची आहे. ती चूक माझी. पाटीवर तसं लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून इथे लिहितो.

गाव रेगेन्सबर्गपासून सतरा किलोमीटरवर. मी तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात आहे. गाडीचा दरवाजा आणि बॉडी यांच्यामधली फट चारही बाजूंनी सारखी आहे की नाही, हे बघणं माझं काम. अर्ध्या मिलिमीटरवरून मी दोन दोन दिवस भांडलेलो आहे. हे पुढे लक्षात ठेवा, कारण मी चुकलो तो चाळीसने.

सात वर्षांपूर्वी आम्ही या गावात जोडघराची उजवी बाजू घेतली. पहिले चार महिने कुत्र्यांखेरीज कोणी आमच्याकडे बघत नव्हतं. मग कळलं की इथे लोकांनी नमस्कार करावा असं वाटत असेल तर कुठल्या तरी फेराईनचं, म्हणजे मंडळाचं, सभासद व्हावं लागतं. गावात अशी तीन मंडळं. एक आग विझवणाऱ्यांचं, एक नेमबाजी करणाऱ्यांचं आणि एक गावाचा इतिहास जपणाऱ्यांचं. आग आणि बंदूक यांच्या मानाने इतिहास निरुपद्रवी, असा हिशेब करून मी तिसऱ्यात गेलो. अकरा सभासद, सरासरी वय चौऱ्याहत्तर. मी चव्वेचाळीसचा. मी शिरताच सरासरी साडेएकाहत्तरवर आली आणि बहुधा याच कामगिरीबद्दल दुसऱ्या बैठकीत मला चिटणीस करण्यात आलं.

मंडळाच्या अध्यक्ष म्हणजे गावच्या जुन्या डॉक्टरीणबाई. वय एकोणऐंशी. अर्ध्या गावाला त्यांनी इंजेक्शनं दिलेली असल्यामुळे त्यांच्या प्रस्तावाच्या विरोधात कोणी हात वर करत नाही. सगळे त्यांना फ्राऊ डॉक्टर म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी या फ्राऊ डॉक्टरना अमेरिकेतून एक जाड पाकीट आलं. आत शेहेचाळीस झेरॉक्स. पाठवणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या खापरपणजोबांचा जन्म आमच्या गावात झाला होता. नेमका कुठे, तर आता जिथे फायर ब्रिगेडचं गॅरेज आहे तिथे. हे खापरपणजोबा एका गरीब विणकराचे सहावे चिरंजीव. एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेला गेले, डॉक्टर झाले आणि पुढे डॉक्टरकी सोडून तिथल्या एका राज्याच्या विधानसभेत निवडून गेले. गावातून इतकं मोठं कोणी झालेलंच नव्हतं. पाटी लावायचं एकमताने ठरलं. कागद इंग्रजीत होते, म्हणून वाचायचं काम चिटणिसाकडे आलं.

मी शेहेचाळीसच्या शेहेचाळीस कागद वाचले. थोर माणसाबद्दल आदर टिकवायचा असेल तर तसं करू नये.

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत डॉक्टर व्हायला दोन हिवाळे कॉलेजात बसावं लागे. दुसऱ्या हिवाळ्यात पहिल्या हिवाळ्याचीच व्याख्यानं पुन्हा ऐकवत. म्हणजे शिक्षण एका हिवाळ्याचं आणि उजळणी एका हिवाळ्याची. कॉलेजच्या आधी हे गृहस्थ कालव्यावरच्या बोटीला जुंपलेले घोडे हाकत होते. त्यांची रोजनिशी पाकिटात होती. ताप असो, पोटदुखी असो, खोकला असो, पाऱ्याची पांढरी पूड. रोगी बरा झाला तर तसं लिहिलेलं आहे. बरा झाला नाही तर पुढच्या पानावर त्याचं नाव नाही.

राजकारणातही त्यांनी फार पसारा मांडला नाही. कागदांवरून दिसतं की सभागृहात ते तीन विषयांवर बोलले. एकदा नदीवरच्या पुलाच्या बाजूने, एकदा मोकाट डुकरांच्या विरोधात आणि एकदा, अगदी पोटतिडकीने, डॉक्टरांची परीक्षा घेऊन परवाना देण्याच्या कायद्याच्या विरोधात. तो कायदा झाला असता तर पहिली परीक्षा त्यांना स्वतःला द्यावी लागली असती. पूल झाला. डुकरांचं काय झालं ते कागदांत नाही.

हे सगळं मी बैठकीत सांगितलं. फ्राऊ डॉक्टर म्हणाल्या की पाटीवर नऊच ओळी मावणार आहेत, डुकरं वगळावीत.

पाटीचा मजकूर तयार करायची वेळ आली त्याच सुमारास माझे सासरे आमच्याकडे आले. सासूबाई गेल्यापासून ते एक वर्षाआड येतात. व्हिसाच्या नियमाने नव्वद दिवस राहता येतं. येताना दोन किलो शेंगदाण्याची चटणी आणतात आणि पहिल्या आठवड्यात घरातल्या सगळ्यांचा रक्तदाब मोजून कागद फ्रिजवर लावतात. त्या नव्वद दिवसांत बायको मला अहो म्हणते. एरवी अरे.

सासरे डॉक्टर. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात चौतीस वर्षं दवाखाना चालवला. तेव्हा वय अठ्ठ्याहत्तर. आणि एकवीस वर्षांपूर्वी त्यांनी विधानसभेची निवडणूक लढवली होती, अपक्ष. चिन्ह मिळालं इस्त्री. एवढ्या रोग्यांना बरं केलं ते मत देतीलच, असा त्यांचा साधा अंदाज. दवाखान्याच्या रजिस्टरात अकरा हजारांवर नावं होती. मतं पडली एक हजार दोनशे सतरा. नऊ उमेदवारांत पाचवा नंबर, डिपॉझिट जप्त. एका बूथवर शून्य मतं होती आणि त्या बूथवर त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचं घर होतं.

तोपर्यंत ते माईक हातात आला की सोडत नसत असं बायको सांगते. गणपतीचा मंडप असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, डॉक्टर बोलणार. निवडणुकीनंतर बंद. आमच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, तो निवडणुकीनंतर दोन वर्षांनी काढलेला. त्यात सगळे चार शब्द बोलतात, मुलीचा बाप मात्र माईक पुढे आला की शेजाऱ्याकडे सरकवतो. तीन वेळा. मी मोजलंय. बायको तो व्हिडिओ बघत नाही.

या वेळी एक गोष्ट घडली. फ्राऊ डॉक्टर पाटीचं बोलायला घरी आल्या आणि दोन डॉक्टर समोरासमोर बसले. एकाला जर्मन येत नाही, दुसरीला इंग्रजी बेताचं. पण रक्तदाबाच्या गोळ्यांची नावं सगळीकडे सारखीच असतात, त्यावर त्यांचे दोन तास निघाले. जाताना बाईंनी माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला विचारलं की आजोबांनी डॉक्टरकीखेरीज आणखी काय केलं. मुलीने आजोबांच्या फोनमधला एक फोटो काढून दाखवला.

फोटो एका फ्लेक्सचा. बसइतका मोठा. मधे सासरे, हात जोडलेले, काळा चष्मा. खाली बत्तीस शुभेच्छुकांची डोकी. वर लाल अक्षरांत, भावी आमदार.

माझी मुलगी इथेच वाढली. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते आणि देवनागरी एकेक अक्षर लावून वाचते. आजोबा फोनवर दिवसभर बातम्या लावत असल्यामुळे आमदार म्हणजे काय ते तिला पक्कं ठाऊक होतं. भावी हा शब्द तिने ऐकला नव्हता. दादा, भाऊ, अप्पा असतं, तसंच काहीतरी मानाचं भावी असेल, असं तिने धरलं आणि बाईंना सांगितलं की आजोबा आमदार होते. आबगेओर्डनेटर. फ्राऊ डॉक्टरनी फोटोकडे पाहिलं. या देशात निवडणुकीत पडलेल्या माणसाचा बसएवढा फोटो कोणी लावत नाही. त्यांनी एकदम विश्वास ठेवला.

मी त्या वेळी तळघरात बॉयलरचं प्रेशर बघत होतो. हे संभाषण मला आठ दिवसांनी कळलं.

त्या आठ दिवसांत आम्ही पाटीचा मजकूर पुरा केला. सासरे झेरॉक्समधली सालं मोठ्याने वाचत आणि वय किती ते तोंडी काढत, मी लिहून घेई. मला आकड्यांबद्दल थोडा अभिमान आहे, तो इथेच सांगून टाकतो. जर्मन लोक आपल्यासारखंच एकम आधी बोलतात. आपण बेचाळीस म्हणतो, ते दोन-आणि-चाळीस म्हणतात. ऑफिसातले बाकीचे परदेशी लोक फोनवर आकडे उलटे लिहितात, माझा अकरा वर्षांत एकही उलटा झालेला नाही. हे सासऱ्यांना सांगितलं तेव्हा ते फार खूश झाले. म्हणाले, म्हणजे हे लोक आपलेच की.

शेवटच्या दिवशी मी मजकुराची स्वच्छ प्रत हाताने लिहून काढली. फ्राऊ डॉक्टर दारातच उभ्या होत्या, कागद घेऊन अक्षरं कोरणाऱ्याकडे जायच्या घाईत. सातव्या ओळीत लिहिलं होतं की एक्केचाळीसाव्या वर्षी विधानसभेत निवड. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सासऱ्यांचा आवाज आला.

"जावईबापू, बेचाळीस करा. वाढदिवस मार्चमध्ये आणि निवडणूक ऑगस्टात. एक वर्ष खाताय तुम्ही त्याचं."

एक वर्ष म्हणजे माझ्या दृष्टीने फार. मी पट्टी घेऊन ४१ वर सरळ रेघ मारली, वर बेचाळीस लिहिलं, आणि कारखान्यात करतो तशी बाजूला आद्याक्षरं आणि तारीख टाकली. बाई कागद घेऊन गेल्या.

पुढच्या गुरुवारी त्यांची मेल आली. दोन अटॅचमेंट. पहिली समारंभाची निमंत्रणपत्रिका, दुसरी पाटीचा नमुना, तपासून कळवा. मी पहिली उघडली आणि तिथेच अडकलो. पुढच्या आठवड्यातल्या रविवारी अकरा वाजता पाटीचं अनावरण, पाच जणांचा बँड, बटाट्याचं सॅलड. आणि प्रमुख वक्ते, भारतातील डॉक्टर आणि माजी आमदार. खाली सासऱ्यांचं नाव, एका अक्षराची चूक करून.

दुसरी अटॅचमेंट मी उघडलीच नाही. आजतागायत माझ्या आयुष्यात न उघडलेली अटॅचमेंट तेवढी एक.

मुलीला विचारलं तेव्हा फोटोची गोष्ट कळली. मी तिला भावी म्हणजे काय ते सांगणार होतो, पण बायकोने मला बाल्कनीत नेलं. बाबा दिवाणखान्यात असल्यामुळे ती हळू आवाजात बोलत होती.

"अहो, तुम्ही हे दुरुस्त करणार नाही."

मी म्हटलं की गावात त्रेसष्ट लोकांना पत्रिका गेली आहे. उद्या कोणी शोधलं तर आपण खोटे ठरू, आणि मी चिटणीस आहे. ती म्हणाली, चिटणीस आहात ना, मग इतिवृत्त लिहा. मग ती म्हणाली की फ्राऊ डॉक्टरनी मुलीमार्फत बोलायचं निमंत्रण दिल्यापासून बाबा दोन दिवस खोलीत दार लावून भाषण पाठ करतायत. एकवीस वर्षांनी. "तुम्ही आता मेल पाठवलीत की ते परत माईक सरकवतील. आणि या वेळी कायमचा."

हे खरं होतं. बंद दारातून सभ्य स्त्री-पुरुषहो असं मीही दोनदा ऐकलं होतं. पण दुसरंही खरं होतं. पत्रिका सासऱ्यांनी पाहिली होती. तो लांबलचक जर्मन शब्द कोणता हे त्यांनी नातीला विचारलं होतं आणि तिने आमदार असं सांगितलं होतं. दवाखान्यात ज्या माणसाने एकालाही खोटं मेडिकल सर्टिफिकेट दिलं नाही, तो गप्प बसला होता. मला त्याचा जास्त त्रास होत होता.

मी मेलचे चार मसुदे केले. एकही पाठवला नाही. त्याऐवजी शनिवारी त्यांच्याबरोबर फिरायला गेलो. ते रोज सहा हजार पावलं चालतात, मक्याच्या शेतापर्यंत जाऊन परत. परतीच्या वाटेवर मी विषय काढला. म्हटलं, बाबा, पत्रिकेत जरा चूक झाली आहे.

ते चालत राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही कधी निवडणूक हरलाय?"

म्हटलं नाही.

"उभे राहिलाय?"

म्हटलं नाही. चिटणीस बिनविरोध झालो.

"मग जरा थांबा. माईक माझ्या हातात येऊ द्या." आणि थोडं पुढे गेल्यावर हसून, "तोवर मला आमदार राहू द्या की. आठवडाभराची टर्म आहे."

यातून ते काय करणार ते मला कळलं नाही. खरं सांगतील की टर्म पुरी करतील, दोन्ही शक्य होतं. मी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, बघा, हसले ना.

समारंभ त्यांच्या मुक्कामाच्या चौऱ्याऐंशीव्या दिवशी. आगीचा बंब बाहेर काढून गॅरेजात खुर्च्या मांडल्या होत्या. ऊन होतं. सासऱ्यांनी पांढरा नेहरू शर्ट आणि वर करड्या रंगाचं जाकीट घातलं होतं. फ्राऊ डॉक्टरनी त्यांना पहिल्या रांगेत आपल्या शेजारी बसवलं. बँडने काहीतरी वाजवलं आणि नगराध्यक्षांच्या वतीने आलेल्या माणसाने, नगराध्यक्षांना का येता आलं नाही, यावर सहा मिनिटं भाषण केलं. मग पाटीवरचा टेबलक्लॉथ ओढला.

मी आधी टाइपमधली अंतरं पाहिली. ती चांगली होती. मग वाचायला लागलो. नाव, विणकराचा मुलगा, एकोणिसाव्या वर्षी अमेरिकेला, तिथे डॉक्टर. सातवी ओळ. वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी विधानसभेत निवड.

कागद माझ्या डोळ्यांपुढे आला. मराठीत ऐकलेला आकडा माझ्या हाताने मराठीत लिहिला होता. ४२. आणि ज्याला मराठी येत नाही त्याला आपला चार म्हणजे थोडा वरून उघडा राहिलेला इंग्रजी आठ दिसतो. दोन तर दोन्हींकडे दोनच. एक वर्ष वाचवायला गेलो आणि चाळीस वाढवली, वर पट्टीने रेघ मारून, सही करून.

मागे लोक टाळ्या वाजवत होते. ब्याऐंशी, ब्याऐंशी, असं एकमेकांना सांगत होते. ज्या मंडळाची सरासरी सत्तरीच्या पुढे आहे त्याला यापेक्षा चांगली बातमी काय असणार. आमचे खजिनदार, वय पंच्याऐंशी, ताठ बसले.

बायकोने विचारलं, चेहरा असा का झालाय. मी पाटीकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, काय, छान आहे की. सासऱ्यांनी मात्र पाटी वाचली. जर्मन त्यांना येत नाही, आकडे येतात. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. हवेत बोटाने चार काढला, मराठी चार, आणि भुवया वर केल्या. मी मान हलवली. गेले दहा दिवस ज्या माणसाला मी मनातल्या मनात सचोटीचे धडे देत होतो, त्याच्यापुढे मान हलवायला कसं वाटतं ते मी इथे सविस्तर लिहीत नाही.

मग फ्राऊ डॉक्टरनी त्यांचं नाव घेतलं, पुन्हा त्याच एका अक्षराची चूक करून, आणि माईक पुढे केला.

सासऱ्यांनी तो घेतला. धरला. मी मोजायला लागलो, सवय आहे. अकरा सेकंद झाले, माईक सरकला नव्हता. बायकोने माझी बाही पकडली. शेजारी मुलगी भाषांतर करायला उभी होती, वहीत सभ्य स्त्री-पुरुषहोचं जर्मन आधीच लिहून आणलेलं.

ते सभ्य स्त्री-पुरुषहो म्हणालेच नाहीत. म्हणाले की मी चौतीस वर्षं डॉक्टर होतो. मुलीने भाषांतर केलं. म्हणाले की या पाटीवरच्या डॉक्टरांसारखाच मलाही एक दिवस वाटलं की लोकांच्या नाड्या तपासून झाल्या, आता राज्याची तपासावी. मुलीने जमेल तसं केलं, लोक हसले. मग ते म्हणाले, "पत्रिकेत मला माजी आमदार म्हटलंय. ते चूक आहे. मी भावी आमदार आहे."

मुलगी थांबली. सगळ्यांच्या देखत आजोबांकडे वळली आणि तिच्या तोंडून चक्क मराठी आलं.

"आजोबा, भावी म्हणजे?"

"भावी म्हणजे बाळा, जो अजून झाला नाही तो."

तिचा चेहरा केसांच्या मुळापर्यंत लाल झाला. फ्लेक्स, फोटो, फ्राऊ डॉक्टर, सगळं तिच्या एका क्षणात लक्षात आलं असणार. ती माईककडे वळली आणि भाषांतर केलं. "एर वार नी आबगेओर्डनेटर." ते कधीच आमदार नव्हते. गॅरेजात खुर्ची करकरल्याचा आवाज आला. मुलीने एकदा आजोबांकडे पाहिलं आणि स्वतःच्या मनाने पुढचं जोडलं. "एर विर्ड एस नोख." अजून व्हायचे आहेत.

आधी फ्राऊ डॉक्टर हसल्या. मग सगळं गॅरेज.

सासऱ्यांचा हात आता माईकवर नीट बसला होता. आमच्याकडे हे पद फार सोयीचं आहे, ते म्हणाले. शपथ नाही, पगार नाही आणि मुदत संपत नाही. मी एकवीस वर्षं या पदावर आहे. मग त्यांनी मतांचा आकडा सांगितला. एक हजार दोनशे सतरा. तो ते घरातसुद्धा कधी उच्चारत नाहीत, मला तो बायकोकडून कळलेला. चुलतभावाच्या बूथवरचं शून्यही सांगितलं. म्हणाले की बरेच दिवस मी त्या शून्याकडेच बघत राहिलो. बाराशे सतरा लोक उन्हात रांगेत उभे राहून इस्त्रीवर शिक्का मारून गेले होते, त्यांना धन्यवाद द्यायचे राहिले. ते आज देतो, तुमच्यापुढे, कारण माईक इथे मिळाला.

शिक्का नव्हता, त्या वर्षी मशीन आलं होतं. मी ते दुरुस्त केलं नाही.

शेवटी ते पाटीकडे वळले. "हे गृहस्थ ब्याऐंशीव्या वर्षी निवडून आले. आज वाचलं, बरं वाटलं," असं म्हणताना माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं नाही. "मी अठ्ठ्याहत्तरचा आहे. म्हणजे अजून चार वर्षं आहेत."

टाळ्या बराच वेळ वाजत होत्या, बँडने मधेच सुरुवात केल्यामुळे किती ते सांगता येत नाही. बायको रडत होती आणि रडतारडता मला म्हणाली, अरे, ऐकलंस ना. अहो विसरली.

नंतर सॅलडच्या टेबलाशी मी फ्राऊ डॉक्टरांना गाठलं. सातव्या ओळीबद्दल सांगायचं होतं. पण मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या की पुढच्या वर्षी ग्रामपरिषदेच्या निवडणुकीला उभं राहायचा विचार करतेय. मला वाटत होतं एकोणऐंशी म्हणजे फार उशीर झाला. आल्झो, म्हणजे आता हा माणूस बघा. त्यांनी काट्याने पाटीकडे दाखवलं. शेजारी सासरे उभे होते, ताटलीत दुसऱ्यांदा घेतलेलं सॅलड. मी म्हटलं, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर. आणि बटाटा खाल्ला.

दुरुस्तीची मेल मी पाठवली ती सासरे अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी विमानात बसल्यावर. आपला चार आणि त्यांचा आठ शेजारी शेजारी काढून, बाण दाखवून. फ्राऊ डॉक्टरनी माझा मूळ कागद जपून ठेवला होता. त्याचा फोटो काढून त्यांनी उत्तर दिलं की इथे आठ आहे आणि शेजारी तुमची सही आहे. पाटीचा नमुनाही तुम्हाला पाठवला होता.

विषय पुढच्या बैठकीत सहाव्या क्रमांकावर आला. मी सगळं समजावून सांगितलं, पुन्हा बाणासकट. खजिनदारांनी विचारलं की तुमच्या लिपीत हा आकडा बरोबर आहे का. म्हटलं, हो, पण पाटी जर्मनमध्ये आहे. पाटी उतरवून दुरुस्त करावी, या ठरावाला माझं एक मत पडलं. विरोधात अकरा. एवढ्या मतांत मला सासऱ्यांचं डिपॉझिट आठवलं. पाटी पुढच्या पॉलिशपर्यंत आहे तशी ठेवावी असं ठरलं, आणि पॉलिश कधी करायचं ते ठरलं नाही. हे इतिवृत्त मीच लिहिलं आहे. त्यात चूक नाही.

सासरे आता तिकडे गावात ज्येष्ठ नागरिक संघात दर महिन्याला बोलतात. बायको सांगते की लोक आता घड्याळ दाखवायला लागलेत. गेल्या रविवारी त्यांचा वाढदिवस झाला, फोन केला. मुलीने सबंध शुभेच्छा मराठीत दिल्या आणि शेवटी त्यांना भावी आमदार म्हणाली. मग त्यांनी मला फोनवर घेतलं आणि विचारलं की पाटी अजून तशीच आहे का.

म्हटलं, हो. ब्याऐंशीच आहे.

"मग ठीक," ते म्हणाले. "तीन राहिली."

वजाबाकी मी तपासली. बरोबर आहे.